३०० पैकी ६२, आणि दिवाळीआधीचा हप्ता

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

ऐरोलीत राहणारा पंचवीस वर्षांचा तरुण लिहितो. वडील रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाले, आई घरी शिवणकाम करते. तो स्वतः दहावीनंतर डिप्लोमाला गेला, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन इंजिनीअर झाला आणि आता आयटी कंपनीत आहे. घर ओबीसी प्रवर्गातलं. धाकटी बहीण सेमी-इंग्रजीतून शिकली, दहावीला तिला ९१.४० टक्के मिळाले. ठाण्यातल्या एका इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या, बॅचला तिचं नाव घातलं. इंजिनीअरिंगची जेईई आणि मेडिकलची नीट असे दोन्ही दरवाजे उघडे राहावेत म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं. राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा, वेगळा विचार केलेला नाही, कारण क्लासमध्ये सांगितलं की जेईईचा अभ्यास झाला की सीईटी आपोआप होते. परवाच्या जेईई-टेस्टचा मेसेज आला : ३०० पैकी ६२. बरोबर २४, चूक ३४, सोडलेले १७. दुसरा हप्ता ८५ हजारांचा आहे, तो दिवाळीच्या आत भरायचा आहे आणि आई पाटल्या मोडायला निघाली आहे. बहीण घरात फारशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "दादा, मला सायन्स आवडतं, पण तिथे काही विचारता येत नाही." त्याचा प्रश्न असा : हप्ता भरू, की क्लास बदलू? "मला दहावीनंतर सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून मी डिप्लोमाला गेलो. तिच्या बाबतीत ती चूक व्हायला नको."

उत्तर :

शेवटी 'तुमच्या मुलासारखा' अशी सही केली आहेस, म्हणून तुला अरे-तुरे करते.

हप्त्याचं बोलूच. आधी टेस्टचा तो मेसेज पुन्हा उघड. घरातली सगळी घालमेल त्या ६२ वरून सुरू झाली आहे आणि त्या आकड्याच्या आत कोणी डोकावलेलं दिसत नाही. बरोबर २४, म्हणजे तिने ९६ गुण कमावले. चूक ३४, म्हणजे ३४ गुण गेले. ७५ पैकी ५८ प्रश्नांना तिने हात घातला. अकरावीच्या पहिल्या काही महिन्यांत जेईईच्या धर्तीवरच्या पेपरात चोवीस प्रश्न बरोबर सोडवणारी मुलगी कच्ची नसते. तिला एक सवय नडली आहे, आणि ती सवय आम्ही शिक्षकांनीच लावलेली आहे. दहावीपर्यंत आम्ही घोकून घेतो : प्रश्न कोरा ठेवायचा नाही, काहीतरी लिहायचं, निदान सूत्राचा अर्धा गुण मिळतो. त्याच सवयीने तिला ९१ टक्के दिले. जेईई मेनला बरोबर उत्तराचे चार गुण मिळतात आणि चुकलं की एक कापला जातो. तिथे हीच सवय महागात पडते.

मी बरीच वर्षं ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवलं. कष्टाळू मुलांच्या पहिल्या टेस्ट अशाच येतात, हे दरवर्षी पाहिलं. म्हणून येत्या रविवारी एवढंच कर : पेपर आणि वही घेऊन तिच्या शेजारी बस आणि ते ३४ चुकलेले प्रश्न तिला तीन रकान्यांत मांडू दे. येत होतं पण वाचण्यात किंवा आकडेमोडीत घसरलं, हा एक. धडाच कच्चा आहे, हा दुसरा. अंदाजाने ठोकलं, हा तिसरा. रकाना तिने ठरवायचा, तू नुसतं ऐकायचं. तिसऱ्या रकान्यात पंधरा-वीस प्रश्न निघाले, तर ते सोडून दिले असते तरी तेवढे गुण वाढले असते. नवीन काहीही न शिकता. दुसरा रकाना भरलेला निघाला, तर कुठल्या धड्याने भरला ते बघ. माझा अनुभव सांगते : अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिश (व्हेक्टर) आणि थोडं विकलन (डिफरन्शिएशन) पहिल्याच महिन्यात वापरावं लागतं आणि गणिताच्या तासाला ते बऱ्याच उशिरा येतं. मधल्या काळात मुलं 'मला फिजिक्स जमत नाही' असं ठरवून मोकळी होतात. खरं तर त्यांना चार दिवस गणित हवं असतं.

आता मोठा मुद्दा. 'जेईई केलं की सीईटी आपोआप होते' हे वाक्य ठाण्यापासून पनवेलपर्यंत प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. ते निम्मं खरं आहे. संकल्पना त्याच आहेत, त्यामुळे पाया तयार होतो. पण त्या वाक्यात एक उतरंड गृहीत धरलेली असते : वर आयआयटी, खाली सीईटी, आणि सीईटी म्हणजे वरून घसरलेल्यांची परीक्षा. तुझ्या पत्रात सीईटी एकाच ओळीत आली, तीही अशीच.

दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघ. जेईई मेनला तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. आपल्या राज्याच्या सीईटीत पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला तेवढ्याच वेळात १५० प्रश्न असतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून शंभर प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न उरलेल्या ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इथे तिची ती जुनी सवय, एकही प्रश्न कोरा न ठेवण्याची, अगदी योग्य आहे. अभ्यासक्रमाची वाटणीही निराळी आहे. सीईटीत साधारण ८० टक्के भार बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतो. जेईई आणि नीट दोन्ही वर्षं पूर्ण मागतात आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या अंगाने जातात. सीईटी राज्य मंडळाच्या, म्हणजे बालभारतीच्या पुस्तकांवर चालते. एका प्रश्नावर चार मिनिटं विचार करायला शिकलेली हुशार मुलं सीईटीच्या गणितात तिसाव्या प्रश्नावर असताना वेळ संपल्याचं मी पाहिलं आहे. त्यांना येत सगळं होतं.

आणि सीईटीने कुठे जाता येतं? माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ सालचं, पुण्याचं सीओईपी १८५४ सालचं. माटुंग्याचीच रसायन तंत्रज्ञान संस्था, आपण तिला अजून यूडीसीटी म्हणतो. अंधेरीचं सरदार पटेल. या ठिकाणी राज्यातल्या मुलांचा मुख्य रस्ता सीईटीतूनच जातो. नेरूळ, वाशी, बेलापूर, कासारवडवली इथली बहुतेक खासगी कॉलेजंही याच रस्त्यावर आहेत. तुमची मुलगी घरी राहून लोकलने जाऊ शकेल अशा जवळपास प्रत्येक चांगल्या इंजिनीअरिंग कॉलेजचं दार या परीक्षेने उघडतं, आणि तिच्या दोन वर्षांच्या आखणीत त्या परीक्षेला एक रविवारही दिलेला नाही. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली.

जेईईचा नाद सोड असं मी म्हणत नाही. पवईच्या आयआयटीत जायची ओढ असेल तर जेईई द्यायलाच हवी. मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा होते, दोन्हींतला चांगला गुण धरतात. त्यातून वरचे अडीच लाख विद्यार्थी आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेला, जेईई अ‍ॅडव्हान्स्डला, बसतात आणि ती लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. शिवाय आयआयटी-एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. ओबीसींनाही यात सूट नाही. राज्याच्या केंद्रीभूत (कॅप) प्रवेशाला पीसीएममध्ये ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के पुरतात. म्हणून इंटिग्रेटेडमध्ये प्रॅक्टिकल होतात का, जर्नल पूर्ण आहे का, कॉलेजात हजेरी खरोखर लागते का, हे तू स्वतः जाऊन बघ. 'ते आम्ही मॅनेज करतो' या उत्तरावर समाधान मानू नकोस.

पर्सेंटाइलचंही एकदा घरात समजावून सांग, कारण निकालाच्या दिवशी त्यावरून रडारड होते. दहावीचे ९१ टक्के म्हणजे शंभरपैकी ९१ गुण. सीईटीचे ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे. एक लाख मुलं बसली असं धरलं तर तुमच्यापुढे जवळपास नऊ हजार. परीक्षा अनेक सत्रांत होते, पेपर वेगवेगळे असतात, म्हणून ही पद्धत. दोन्ही आकडे ९१ दिसतात, पण त्यांची तुलना होत नाही.

दोन दरवाजांबद्दल. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवणं वाईट नाही, पण फुकटही नाही. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे आहेत. कळव्याच्या किंवा कुठल्याही वैद्यकीय कॉलेजात एमबीबीएसला जायचं तर तो विषय रोज उघडावा लागतो, आणि जेईईचं गणितही रोज वेळ मागतं. एकाच मुलीच्या दिवसात हे दोन्ही बसवायचे, वर ऐरोली-ठाणे ये-जा आणि आठ तासांचा क्लास. मग झोपेतून वेळ काढला जातो. हे दरवाजे तिने उघडे ठेवलेत की तुम्ही, ते पत्रावरून कळत नाही. चार पानी पत्रात 'आम्हाला वाटतं' सात वेळा आलं आहे. तिला काय वाटतं, ते एकाच वाक्यात आहे.

त्याच पत्रात मध्येच तू एक गोष्ट सांगून गेलास. नववीत तिने ऐरोलीच्या खाडीवरच्या फ्लेमिंगोंवर प्रकल्प केला होता आणि अजून जानेवारीत रविवारी सकाळी ती तिकडे जाते. तू ते 'छंद आहे' म्हणून सोडून दिलंस. मी तिथे थांबले. जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलीला डॉक्टरच व्हायचं असतं असं नाही. पुण्यात आयसर आहे, मूलभूत विज्ञान शिकवणारी केंद्राची संस्था. तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते : ६० प्रश्न, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्राचे प्रत्येकी १५. चारही विषय घेतलेल्या मुलीला ती सोयीची आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे, त्याला नेस्ट नावाची परीक्षा लागते. औषधनिर्माण आणि कृषीचे अभ्यासक्रम पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटाच्या सीईटीतून मिळतात. आणि ठाण्यातच बांदोडकर कॉलेजला बारावीच्या गुणांवर बीएस्सीला जाता येतं. तिथून पुढे एमएस्सीला मोठ्या संस्थांमध्ये गेलेले माझे विद्यार्थी आहेत. तिने यातलंच काही निवडावं असा माझा आग्रह नाही. यातली किती नावं तिच्या कानावर पडली आहेत, एवढंच तिला विचार. आधी कुठे जायचंय ते ठरू दे, मग कुठली परीक्षा ते आपोआप ठरेल. तुमच्या घरी हे उलट झालं. आधी परीक्षा ठरली, मग बॅच, मग विषय, आणि मुलगी शेवटी.

कॉलेज बघायला नुसती वेबसाइट पुरत नाही. एका शनिवारी तिला माटुंग्याला घेऊन जा, गेटवरून आत बघू दे. मानखुर्दला, वाशीच्या खाडीपलीकडे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. देशातल्या विज्ञान ऑलिम्पियाडचं काम तिथून चालतं. इतक्या जवळ असून तुमच्याकडची मुलं तिथे कधी गेलेली नसतात, याचं मला वाईट वाटतं.

आता हप्ता. 'तिथे काही विचारता येत नाही' हे तिचं वाक्य तू पुढ्यात ठेव. त्याचा अर्थ तीन प्रकारचा असू शकतो : बॅच इतकी मोठी आहे की हात वर केला तरी दिसत नाही; किंवा मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजीत प्रश्न मांडायची लाज वाटते; किंवा कुणीतरी एकदा सगळ्यांसमोर हसलं आहे. पहिल्याला छोटी बॅच हा उपाय आहे. दुसऱ्याला वेळ लागतो आणि एक मैत्रीण लागते. (तिला हेही सांग की जेईई मेन आणि नीट दोन्ही मराठीतूनही देता येतात.) तिसऱ्याला क्लास बदलणं हाच उपाय असू शकतो. यातलं कुठलं, हे कळल्याशिवाय ना भर, ना बदल.

क्लासमध्ये जा आणि चार गोष्टी विचार. बॅचमध्ये मुलं किती? शंका विचारायला रोज कोणता तास ठेवला आहे आणि तिथे मूळ शिक्षक बसतात की नुकताच पास झालेला मुलगा? सीईटीच्या वेगळ्या टेस्ट कधीपासून सुरू होतात? मध्येच सोडलं तर फी किती परत मिळते? शेवटचं उत्तर लेखी घे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यात म्हटलं आहे. सगळीकडे ते पाळलं जातं असं नाही, पण तुला हे माहीत आहे हे समोरच्याला कळलं की बोलण्याचा सूर बदलतो. हप्ता दोन भागांत घ्या, असंही माग. पुष्कळदा मिळतो.

उत्तरं समाधानकारक आली आणि ती स्वतः 'राहते' म्हणाली, तर अर्धा हप्ता भर आणि वार्षिक परीक्षेपर्यंत बघ. नाही आली, तर बदलायची भीती बाळगू नकोस. नेहमीचं कॉलेज, घराजवळचा एखादा लहान क्लास आणि बाहेरची टेस्ट सिरीज, एवढ्या सामग्रीवर सीईटी उत्तम होते. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं ऑनलाइन मोफत आहेत, जेईईचे जुने पेपर ती परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर आहेत, आणि शिक्षण मंत्रालय व आयआयटी कानपूरने मिळून चालवलेलं 'साथी' हे मोफत शिकवणीचं व्यासपीठ आहे. बदलाचीही किंमत आहे, ती लपवत नाही : वर्षाच्या मध्यात शिकवण्याचा क्रम जुळत नाही, मैत्रिणी सुटतात, महिनाभर ती सैरभैर असेल. तेवढा महिना घरात कुणी टेस्टचे गुण विचारू नका.

पाटल्या मात्र मोडू देऊ नकोस. आईला हे वाचून दाखव. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ ला निर्णय घेतला : वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख किंवा त्याहून कमी असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. नवी मुंबईत अभिमत विद्यापीठं आहेत, तेव्हा कॉलेज निवडताना हे बघूनच पर्याय भरा. म्हणजे सीईटी नीट दिली तर चार वर्षांचा सगळ्यात मोठा खर्च वाचू शकतो. २०२६ पासून पीसीएम आणि पीसीबीची सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचंही राज्याने जाहीर केलं आहे, तेव्हा एका दिवसावर सगळं अवलंबून राहणार नाही.

तुझ्या डिप्लोमाबद्दल एक बोलायचं राहिलं. तू त्याला चूक म्हणतोस. पंधराव्या वर्षी पॉलिटेक्निकला गेलास, वर्कशॉप केलंस, थेट दुसऱ्या वर्षाला लागलास आणि बारावीवरून आलेल्या मुलांसोबत तीच पदवी घेतलीस. आज घर तुझ्यावर चालतंय. सांगणारं कोणी नव्हतं, हे दुःख खरं आहे आणि ते तू अजून बाळगून आहेस, हे पत्रात जागोजागी दिसतं. पण ते तुझं आहे. ते बहिणीच्या टेस्टच्या गुणांतून भरून निघणार नाही, आणि आपल्या गुणांकडे दादा तसं बघतो हे तिला कळत असणार. म्हणूनच कदाचित ती गप्प आहे. तिला तुझी गोष्ट एकदा नीट सांग. पहिल्या वर्षी काय जड गेलं, कुठला विषय राहिला होता, कुणी मदत केली. ते ऐकल्यावर ती आपलं काहीतरी सांगेल, असं मला वाटतं.

आणि एक काम याच आठवड्यात. बहिणीकडे जातीचा दाखला आहे पण पडताळणी झालेली नाही, असं तू ताजा कलम म्हणून लिहिलं आहेस. ती पत्रातली सगळ्यात तातडीची ओळ होती. अकरावीतच अर्ज करता येतो : ऑनलाइन भरायचा, कॉलेजचं पत्र जोडायचं आणि ठाणे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायचा. कॅप राउंड सुरू झाल्यावर समितीच्या दारात उभ्या राहिलेल्या पालकांचे हाल मी पाहिले आहेत. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकारवरून काढता येतो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत प्रवेशाच्या वर्षापर्यंत पुरते आहे ना, ते तपास. डोमिसाइल नसेल तर तेही सोबतच काढून घे. पडताळणीला वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र जोडलं की काम खूप सोपं होतं. तू डिप्लोमाला किंवा पदवीला राखीव जागेतून प्रवेश घेतला असशील, तर तुझं प्रमाणपत्र घरातच कुठल्यातरी फाइलमध्ये असेल. ते शोध आणि तिच्या अर्जाला लाव.